न लिहिलेला नकार

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आज सर्वाधिक लिहिला जाणारा मराठी गद्यप्रकार कोणता, असा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला विचारला, तर तो क्षणभर गोंधळेल. कथा नव्हे, कविता तर नव्हेच. तो प्रकार म्हणजे अर्ज. तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून बसलेला अर्जनवीस, ग्रामपंचायतीचा रोजगार सेवक, सेवा केंद्रातील संगणकापुढचा तरुण, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली पाड्यावरची एखादी मुलगी, हे या प्रकाराचे लेखक. त्याचे वाचक मात्र मोजके असतात, आणि त्यांच्या वाचनावर कोणाच्या तरी घरची चूल अवलंबून असते. आमच्या समीक्षेने ग्रामीण, दलित, आदिवासी असे सारे प्रवाह तपासले. पण ज्या मजकुराच्या आधारे शासन एका माणसाची बेकारी किंवा त्याचे अपंगत्व खरे मानते अथवा मानत नाही, त्या मजकुराकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न आम्ही करीत आहोत.

अर्जाची भाषा पाहा. 'महोदय' या संबोधनाने तो सुरू होतो, 'वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की' या वळणाने पुढे सरकतो आणि 'आपला कृपाभिलाषी' येथे येऊन हात जोडतो. शिवकाळातील नि पेशवाईतील पत्रांत 'विज्ञापना ऐसीजे' असे जे येई, त्याचाच हा वंशज. राज्य बदलले, लिपी मोडीची बाळबोध झाली, शाईच्या जागी छपाईयंत्र आले. आवाज मात्र याचकाचाच राहिला. या परंपरेला एकच ठळक अपवाद आढळतो, आणि तो आपल्या महाराष्ट्राने निर्माण केला आहे. रोजगार हमीचा 'नमुना ४'. त्याच्या शीर्षभागी 'विनंती' नसते. तेथे शब्द असतो 'मागणी', कामाची मागणी. एका छापील फॉर्मात एवढे व्याकरण बदलणे ही लहान गोष्ट नव्हे.

या बदलामागचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. भारतीय संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदात काम मिळण्याचा अधिकार आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी शासकीय साहाय्य मिळण्याचा अधिकार हे एकाच वाक्यात आले आहेत. म्हणजे घटनाकारांच्या लेखी काम न मिळालेला आणि काम करू न शकणारा हे दोघे एकाच ओळीतले सोबती. अर्थात त्याच वाक्यात राज्याच्या आर्थिक कुवतीची अट आहे, आणि ते वाक्य ज्या भागात आहे त्याची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येत नाही. महाराष्ट्राने या ओळीचा पहिला अर्धा भाग मनावर घेतला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात जो प्रयोग सुरू केला, तो १९७२च्या दुष्काळात राज्यभर पसरला. १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास बेकार भत्ता देण्याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली. भत्त्याची किमान रक्कम होती दिवसाला १ रुपया. रक्कम हास्यास्पद होती हे खरे. तरीही तो रुपया भिक्षेचा नव्हता. शब्द न पाळल्याचा तो दंड होता. या भेदाला आम्ही फार महत्त्व देतो. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकातही (परिपत्रक हा शब्द येथे सरकारी अर्थाने नाही) बेकारांना द्यावयाच्या साहाय्याची गणना उपकारात न करता कर्तव्यात केली आहे.

२००५चा केंद्रीय कायदा याच पायावर उभा राहिला. त्याने भत्त्याचे प्रमाण ठरवून दिले : पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर त्या आर्थिक वर्षात किमान निम्मे. मात्र मजुरीचा भार केंद्राने उचलायचा आणि भत्त्याचा राज्याने, अशी वाटणी त्याने केली. काम देण्यात दिरंगाई करणाऱ्या यंत्रणेला चिमटा बसावा, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात या कलमाने यंत्रणेला वेगळीच गोष्ट शिकवली. भत्ता टाळण्याचे दोन मार्ग असतात. वेळेत काम देणे हा एक. मागणी आलीच नाही असे दाखवणे हा दुसरा. दुसरा फार सोपा.

आमच्या मते सारा प्रश्न या ठिकाणी आहे. १५ दिवसांचे घड्याळ भुकेपासून सुरू होत नाही, ते अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून सुरू होते. ती तारीख असते पोचपावतीवर, म्हणजे 'नमुना ५'वर. पावती नसेल तर तारीख नाही; तारीख नसेल तर विलंब नाही; विलंब नसेल तर भत्ता कसला? म्हणून टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या परिसरातील मजूर अर्ज घेऊन येतो, तेव्हा त्याला 'नाही' असे कोणी म्हणत नाही. 'ठेवून जा', 'साहेब मीटिंगला गेलेत', 'काम निघालं की सांगू', 'आधी जॉबकार्ड आणा', एवढेच तो ऐकतो. ही वाक्ये अगदी सौम्य आहेत. त्यांत अपमान नाही, उद्धटपणा नाही, कधी कधी तर खरी आपुलकीही असते. परंतु त्या प्रत्येक वाक्याने एक दावा जन्मण्यापूर्वीच मिटतो, आणि त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात राहत नाही. दावा फेटाळायचा तर फेटाळणाऱ्याला सही करावी लागते. तो स्वीकारलाच नाही, तर सहीचा प्रश्नच येत नाही.

तिकडे दिवाळी सरलेली असते. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांचे मुकादम पाड्यांवर येऊन गेलेले असतात. त्यांच्याकडे अर्ज नाही, नमुना नाही, पावती नाही. हातावर ठेवलेली उचल आहे. कातकरी कुटुंबाला एकीकडे १५ दिवसांनंतरच्या कामाचे, तेही न मिळाल्यास चतुर्थांश भत्त्याचे वचन, आणि दुसरीकडे आज संध्याकाळी तांदूळ आणता येईल इतके रोख पैसे. त्या रोकडीचे व्याज पुढचे सहा-सात महिने अंगमेहनतीने फेडायचे आहे, हे त्या कुटुंबाला कळत नाही असे समजण्याचे कारण नाही. ते कळूनच निघते. मग गाव सुटल्यावर कचेरीच्या कागदात लिहिले जाते की या पाड्यावर कामाची मागणी नाही. आणि ते वाक्य त्या दिवशी अक्षरशः खरे असते!

आणखी एक गोम आहे. हमी व्यक्तीला, काम मात्र गटाला. नवे काम सुरू करायला किमान ५० मजूर हवेत, अशी अट २००५च्या कायद्याच्या मूळ अनुसूचीत होती. डोंगराळ भागासाठी व वनीकरणासाठी तिच्यात सवलत होती. घाटाच्या पायथ्याशी दहा-बारा झोपड्यांचे पाडे असलेल्या या मुलखात व्यक्तीचा हक्क असा संख्येच्या आधाराने उभा राहतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि हमीचे दिवस १०० वरून १२५ केले. त्यावर पुष्कळ वाद झाला, तो दिवसांचा आणि केंद्र-राज्यांच्या पैशांचा. खिडकीवरच्या पोचपावतीवर भांडताना आम्हांला फारसे कोणी दिसले नाही.

आता घटनेच्या त्या ओळीचा दुसरा अर्धा भाग. काम करू न शकणाऱ्याचा दावा महाराष्ट्रात मुख्यतः १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली ठरतो. येथे 'मागणी' हा शब्द पुन्हा अंतर्धान पावतो. नावातच 'निराधार' आहे, म्हणजे दावेदाराने प्रथम आपल्याला कोणाचाही आधार नसल्याचे कबूल करायचे. नावातच 'अनुदान' आहे. आणि ज्याला ते मिळते तो 'लाभार्थी'. हक्कदार असा शब्द या शब्दकोशात नाही. अपंग, विकलांग, दिव्यांग अशी संबोधने पालटली. २०२२ साली दिव्यांगांसाठी राज्यात स्वतंत्र विभागही झाला, ही चांगलीच गोष्ट. रक्कम ६०० वरून १,०००, मग १,५०० आणि दिव्यांगांसाठी २०२५ साली २,५०० रुपये महिना झाली, हेही नमूद केले पाहिजे. पण निर्णयाची रीत त्या शब्दांबरोबर पालटली नाही.

ती रीत अशी. प्रथम टक्का. १९९५च्या कायद्यापासून ४० ही रेषा आहे. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यांत या पट्ट्यातील आदिवासींत आढळणारा सिकलसेलही आला, परंतु रेषा तीच राहिली. केंद्राच्या २००९च्या अपंग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के लागतात आणि त्यातला केंद्राचा वाटा ३०० रुपये. टक्का ठरवतो वैद्यकीय मंडळाचा डॉक्टर, त्यासाठी आजवर बहुतेकांना ठाण्याची वाट धरावी लागली : डोळखांबहून एस. टी.ने आसनगाव आणि तेथून लोकल, टोकावड्याहून मुरबाडमार्गे कल्याण आणि पुन्हा लोकल. बरोबर एक माणूस हवा, म्हणजे दोघांचा रोज बुडाला.

झाडावरून पडून पाय वाकडा बसलेला एक मजूर आपण कल्पू. मंडळाने त्याचा सांधा मोजला आणि ३८ टक्के लिहिले, असेही कल्पू. डॉक्टरांनी अन्याय केला का? मुळीच नाही, सांधा तितकाच अडतो. प्रश्न असा की सांधा कोणाचा? कारकुनाचा ३८ टक्के अडलेला पाय आणि डोक्यावर विटा वाहणाऱ्याचा ३८ टक्के अडलेला पाय यांत दाखल्याला फरक दिसत नाही. तो फरक कायद्याला दिसूच शकत नाही असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मोजमाप शरीराचे केले नाही. कमावण्याची कुवत किती गेली याचे केले. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर तुटला. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याची कमावण्याची कुवत शंभर टक्के गेली. हा निकाल १९७६च्या निकालसंग्रहांत छापलेला आहे. न्यायाधीशांनी त्या माणसाचा धंदा कोणता हे विचारले. आमच्या दाखल्याच्या फॉर्मात टक्क्याची चौकट आहे, धंद्यावर काय परिणाम झाला याची नाही. मालकाने पैसे द्यायचे असतील तेव्हा एक माप, शासनाने द्यायचे असतील तेव्हा दुसरे, याला काय म्हणावे?

टक्क्यानंतर येतो उत्पन्नाचा दाखला, आणि येथे आम्हांला वाङ्मयप्रकाराचा विचार पुन्हा करावा लागतो, कारण हा दाखला कल्पित वाङ्मयात मोडतो. निराधार योजनेची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा अनेक वर्षे कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये राहिली; दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वाचकांनी गणित स्वतः करून पाहावे. कुटुंबातील एका माणसाने ६८ दिवस हमीचे काम केले की २१,०००ची मर्यादा ओलांडली जाते. शंभर दिवस काम मिळालेले कुटुंब ३१,२०० रुपयांचे धनी होते आणि त्यातली विधवा निराधार उरत नाही. शासनाची एक योजना पुरती पार पडली तर दुसरी हातून जाते! यातून सर्वांनी मिळून एक वाट काढली आहे. दाखल्यावर जो आकडा हवा तो येतो. तलाठ्याला तो खोटा आहे हे ठाऊक असते, तहसीलदाराला असते, अर्जदारालाही असते. यात दयाबुद्धी आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण खरे बोलून जो दावा टिकत नाही, तो करणारा प्रत्येक जण कायमचा कोणाच्या तरी मर्जीत राहतो. उद्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो भलत्या बाजूला दिसला, की आकडा तपासायला कोणीतरी येऊ शकते. गरिबांच्या तोंडी कायद्याने घातलेले हे असत्य आम्हांला सर्वांत घातक वाटते.

मग तालुका समिती. तिचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या पसंतीचा. सचिव तहसील कचेरीचा अधिकारी. म्हणजे ज्या कचेरीने दाखला दिला तीच तो तपासायला बसते, आणि वर राजकीय पक्षाचा माणूस. समितीच्या इतिवृत्ताचे स्वरूप साधारणपणे तक्त्याचे : अनुक्रमांक, नाव, गाव, निर्णय आणि शेवटी 'शेरा'. शेरा हा आमच्या प्रशासनाचा सर्वांत त्रोटक आणि सर्वांत प्रभावी साहित्यप्रकार होय. बोटभर रुंदीच्या त्या रकान्यात 'कागदपत्रे अपूर्ण', 'मुलगा कमावता', 'त्रुटी' अशा धाटणीचे दोन शब्द बसतात. कोणता कागद अपूर्ण? मुलगा कमावता असेल, पण तो आईला पोसतो का? त्रुटी कोणाची? रकाना भरलेला असतो, पुढे बोलायला जागा नसते. आणि त्रुटीत निघालेला अर्ज नामंजूर नसतोच; तो नुसता 'प्रलंबित' असतो. कित्येकदा अर्जदार वारल्यावर तो निकाली निघतो, हे या भागात वावरणाऱ्या कोणालाही विचारावे.

येथे एका परदेशी कलाकृतीचा दाखला द्यावासा वाटतो. केन लोच यांचा 'आय, डॅनियल ब्लेक' हा चित्रपट २०१६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. पटकथा पॉल लॅव्हर्टी यांची. योगायोग असा की त्याचा नायकही सुतारच. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी त्याला कामास मनाई केली आहे. पण ब्रिटनमध्ये २००८ पासून सुरू झालेल्या कार्यक्षमता तपासणीत गुणांची गोळाबेरीज होते, १५ गुण भरले तर मदत. हात वर होतो का, टोपी घालता येते का, असे प्रश्न त्याला विचारतात. हृदयाविषयी कोणी विचारत नाही. सांधा मोजणे आणि धंदा न विचारणे हे येथेही आले. तो गुणांत नापास होतो आणि अपिलाची सुनावणी होण्यापूर्वीच मरतो. अपिलासाठी त्याने लिहिलेला मजकूर अखेर वाचला जातो तो त्याच्या अंत्यविधीत, ज्यांना तो ऐकवण्याची गरज नव्हती अशा लोकांपुढे. शेवट आम्हांला किंचित सोपा वाटतो, मृत्यूने दिग्दर्शकाचे काम हलके केले आहे. परंतु मराठी वाचकाने या चित्रपटात एक गोष्ट अवश्य पाहावी. ब्लेक पत्रांखाली गुदमरतो. निर्णयाचे पत्र, फेरविचाराचे पत्र, अपिलाचा फॉर्म. त्या पत्रांची निष्ठुरता भयंकर आहे, पण नकार लेखी आहे आणि म्हणून त्याला लढायला काहीतरी आहे. आमच्या मुरबाडच्या मजुराकडे ते पत्रही नाही. ब्रिटनमध्ये १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्यापासून बेकारीच्या दाव्यांवर अधिकारी, मग मध्यस्थांचे न्यायासन, मग शेवटचा पंच अशी उतरंड होती आणि त्या पंचाचे निर्णय छापून प्रसिद्ध होत. कोणत्या कारणाने सोडलेली नोकरी क्षम्य, कोणते काम नाकारणे रास्त, याचा एक मोठा संग्रहच त्यातून तयार झाला. आमच्याकडे चाळीस वर्षांहून अधिक काळ रोजगार हमी चालली. तिच्या बेकार भत्त्याच्या निर्णयांचा असा संग्रह करायचा म्हटले तर पुस्तकाची पाने कोरीच राहतील.

कचेरीची बाजूही ऐकली पाहिजे. तहसीलदाराकडे निवडणुका, पंचनामे, टंचाईचे टँकर, जमिनीचे तंटे, सारेच आहे. भातसा आणि तानसा मुंबईला पाणी देतात आणि उन्हाळ्यात शहापुरातल्या पाड्यांना टँकर पाठवण्याची जबाबदारी त्याच कचेरीवर येते. बोगस लाभार्थ्यांची ओरड झाली की चौकशी त्याच्यावरच. अशा माणसाने कारणे लिहीत बसावे ही अपेक्षा जड वाटेल. पण ती आमची अपेक्षा नाही, देशाच्या कायद्याची आहे. निर्णयाची कारणे नोंदवणे हा नैसर्गिक न्यायाचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली सांगितले. महाराष्ट्राच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांपुरती पोच, मुदत, नकाराची लेखी कारणे आणि अपील अशी सारी साखळी मांडून ठेवली आहे. उत्पन्नाचा दाखला त्यात येतो. लिहिलेली कारणे अधिकाऱ्यालाही वाचवतात. अध्यक्षांचा फोन आला तर दाखवायला कागद असतो.

या जिल्ह्यातील आदिवासीची कागदाशी जुनी ओळख चांगली नाही, हेही विसरता येत नाही. १९३९ साली सायमिंग्टन यांच्या सरकारी अहवालाने आणि पुढे गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाने ठाण्याच्या रानातील वेठ आणि सावकारी जगापुढे आणली. त्या काळी कागद म्हणजे सावकाराचा दस्त. त्यावर अंगठा उमटला की जमीन गेली. ज्यांच्या आज्यांनी कागदाला भिऊन आयुष्य काढले, त्यांनाच आता स्वतःहून कागद मागायचा आहे, आणि पलीकडचा माणूस तो देत नाही.

या तालुक्यांतील श्रमिकांच्या संघटनांनी यावर एक साधा तोडगा काढला आहे. अर्ज एकेकट्याने द्यायचा नाही. गावातील सर्वांनी 'नमुना ४' भरायचा, प्रत्येकाच्या दोन प्रती करायच्या, आणि सर्वांनी मिळून कचेरीत जायचे. एक प्रत आत द्यायची. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही पडेपर्यंत व्हरांड्यात बसून राहायचे. बायका भाकऱ्या बांधूनच येतात. संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या सुमारास कारकून बाहेर येतो, गठ्ठा मागतो, आणि एकेका प्रतीवर 'मिळाले' असे लिहू लागतो.